अमीन हॅमरवाला

शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच काम होतं.

काचेच्या खोक्यासारख्या छोट्या खोलीत अमीन शिकलगार कानांवर जाड हेडफोन चढवून बसला होता. काचेच्या पलीकडं अनुजा नावाची कान तपासणारी मुलगी मशीनसमोर बसली होती. मशीनची कळ दाबताना तिचा उजवा खांदा किंचित वर व्हायचा. अमीनच्या ते लगेच ध्यानात आलं. तिचा खांदा वर गेला की हा बटण दाबायचा. असं चांगलं चाललं होतं. आयुष्यभर माणसांच्या खांद्यांकडं, मनगटांकडं, भुवयांकडं बघूनच तो जगला होता. त्यात नवीन काही नव्हतं.

पण अनुजानं दोनदा कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं, आणि ती उठून आत आली. तिनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि अगदी जवळ येऊन, तोंड मोठं उघडत सांगितलं, "काका, तोंड भिंतीकडं करून बसा."

अमीन वळून बसला. समोर पांढरी, बारीक भोकांची भिंत होती. तो वाट बघत राहिला. डोक्यात कायमचा असणारा घुमारा तेवढा होता, हॅमर बंद झाल्यावरही न थांबणारा. बाकी काही नव्हतं. त्याला वाटलं, पोरीनं मशीन अजून चालू केलेलं नाही. मग वाटलं, केलं असेल. त्यानं अंदाजानं एकदा बटण दाबलं. परत दाबायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. तपासणी संपली होती.

बाहेर रांगेत त्याचा हॅमरवरचा जोडीदार जोतीराम उभा होता. त्यानं हनुवटी वर करून विचारलं, काय झालं? अमीननं पंजा सपाट धरून हवेत फिरवला. ठीक आहे. दोघांच्या त्या हातांच्या बोलीत अमीन पहिल्यांदाच खोटं बोलला.

शिकलगारांच्या घरात धातूचं काम पिढ्यांपासूनचं. आजोबा तलवारींना आणि विळ्या-कोयत्यांना धार लावायचे. वडील सायकलीला सहाण बांधून कोल्हापूरच्या पेठांमधून फिरायचे. अमीन मिसरूड फुटायच्या आधी शिरोली एमआयडीसीत शिरला आणि पार्श्वनाथ अण्णांच्या फोर्जिंगच्या कारखान्यात लागला. अण्णा गेल्यावर त्यांचा मुलगा अभिनंदन शेठ झाला, तरी अमीन तिथंच. आधी भट्टीवर, मग हॅमरवर. दोन मजली उंचीचा तो हॅमर त्यानं हातातला दांडा ओढला की खाली यायचा. खाली ऐरणीवर तापलेला तुकडा सांडशीत धरून जोतीराम उभा. जोतीराम पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीचा. त्यानं तुकडा फिरवायचा, अमीननं घाव घालायचा. इतकी वर्षं ते दोघं मिळून एक माणूस असल्यासारखे वागत आले होते.

आधी ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे भाग असायचे. मग अभिनंदन शेठनं कुठंकुठं खेटे घालून विमानाचं काम आणलं. लाकडी पेट्यांतून निकेलच्या मिश्रधातूचे बार यायला लागले. दिसायला स्टीलसारखेच, पण उचलायला गेलं की जड, आणि स्वभावाला त्याहून जड. साधं लोखंड तापलं की कणकेसारखं ऐकतं. हे ऐकायचं नाही. भट्टीतून पिवळंधमक काढून ऐरणीवर ठेवलं, वरून पूर्ण ताकदीनं घाव घातला, तरी ते उलट हॅमरलाच विचारायचं, बस एवढंच? जरा निवलं की भेग जायची. जास्त तापवलं की आतून बिघडायचं. म्हणून चार घाव घालायचे, परत भट्टीत सारायचं, परत काढायचं. घावही नेहमीपेक्षा जोराचे. लोखंडावर हॅमरचा आवाज बोदा यायचा. निकेलवर तो कानात खिळा ठोकल्यासारखा यायचा.

घडवलेल्या कड्या शेजारच्या शेडमध्ये जायच्या. तिथं त्यांना तासन्‌तास तापवायचे, बुडवून गार करायचे, पुन्हा मंद आचेवर ठेवायचे. पहिली कडी पास झाली तेव्हा शेठनं सगळ्यांना पेढे वाटले आणि सांगितलं, "विमानाच्या इंजिनात जितं सगळ्यात जास्त आग असती, तितं ही कडी बसणार. दुसरं लोखंड तितं ढिलं पडंल. ह्याला काय हुणार न्हाई. ह्याला आगीची सवय लावलीया आपण."

अमीनला ते फार आवडलं होतं. घरी जाऊन त्यानं खतिजाला आणि सबिनाला तसंच्या तसं सांगितलं. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूनं विमान उडालं की तो मान वर करून बघायचा. त्या विमानात आपली कडी असण्याची शक्यता नव्हती, हेही त्याला माहीत होतं. तरी बघायचा.

कानात घालायचे पिवळे बोंडके कंपनी द्यायची. अमीनच्या खिशात ते असायचे. ते घातले की घाव कळत नाही असं त्याचं म्हणणं. घाव नीट बसला की नाही, हे त्याला आवाजावरूनच कळायचं. कुणी फार मागं लागलं तर तो म्हणायचा, सवय हुतीया.

खरं तर शेडमध्ये ऐकू येण्याची गरजच कुणाला नव्हती. तिथं तोंडानं बोलून उपयोग नसायचा. सांडशीचं टोक जरा खाली गेलं की थांब, कोपर आत ओढला की हलका घाव, भुवई उडाली की भट्टीतला तुकडा तयार. याच बोलीत जोतीरामनं त्याला म्हैस व्याल्याचं सांगितलं होतं, आई गेल्याचंही सांगितलं होतं. शेडमध्ये सगळेच बहिरे होते, त्यामुळं कुणीच बहिरं नव्हतं.

तपासणीचा कागद आला आणि शेठनं अमीनला केबिनमध्ये बोलावलं. कामगारांचं बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी कागदावरची त्याच्या ऐकण्याची रेघ दाखवली. डावीकडून निघून ती मध्येच पन्हाळ्याच्या कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. शेठ सावकाश, ओठ दिसतील असं बोलले. चूक त्याची नाही म्हणाले. पण विमानवाल्यांची माणसं आता दरवर्षी येणार, कामगारांचे कागद बघणार, आणि कान गेलेला माणूस हॅमरवर दिसला तर काम काढून घेणार. अमीनला उद्यापासून बारच्या गोदामात बसवायचं ठरलं होतं. पगार तोच. नोकरीला धक्का नाही.

"कान ह्याच कामावर गेल्यात, शेठ," अमीन म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघतो ते त्याला कळायचं नाही. काचेबाहेरच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या.

शेठनं कागदाची घडी घालून तो मॅडमकडं सरकवला. 

गोदामात शांतता होती, म्हणजे बाकीच्यांसाठी. बार मोजून घ्यायचे, टोकांना रंग लावायचा, कापायला द्यायचे. तिथली माणसं एकमेकांशी तोंडानं बोलायची. पाठमोरी बोलायची, तंबाखू मळताना मान खाली घालून बोलायची, हसताना तोंडावर हात धरायची. अमीनला त्यातलं काही मिळायचं नाही. सगळे हसले की तोही हसायचा. एकदा ते आपल्यालाच हसत होते हे त्याला नंतर कळलं, आणि त्यानंतर त्यानं हसणं सोडलं.

पंधरवड्यातच फोर्कलिफ्ट त्याच्या पाठीला येऊन टेकली. चालकानं भोंगा वाजवला होता, वाजवतच आला होता. अमीनला लागलं काही नाही, पण चालक खाली उतरून शिव्या देत होता. प्रियदर्शनी मॅडमनी दुसऱ्या दिवशी अमीनसाठी नारंगी जाकीट आणलं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं – 'ऐकू येत नाही. भोंग्यावर विसंबू नका.' त्यांनी ते भल्यासाठीच केलं होतं. अमीनला पाठीवरचं वाचता यायचं नाही. पण येणारा-जाणारा ते वाचतो आणि मग आपल्याशी बोलायचं टाळून निघून जातो, हे त्याला समोरून दिसायचं.

जोतीराम तपासणीत पास होऊन हॅमरवरच राहिला होता; दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो येऊन बसायचा. दोघांच्या हातांना तेवढीच मोकळीक. हॅमरवर आता ऋतुराज नावाचा डिप्लोमा झालेला तरणा माणूस आला होता. कामाचा चांगला होता. पण तो खालच्या माणसाकडं बघायचा नाही, यंत्राकडं बघायचा. जोतीरामच्या सांडशीला धक्के बसायला लागले, खांदा दुखायला लागला. दिवाळीच्या आधी त्यानं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तो गोदामात आला, अमीनसमोर उभा राहिला आणि त्यानं सांडशी खाली ठेवल्याची खूण केली. अमीननं दांडा सोडल्याची खूण केली. मग जोतीराम वाडीला निघून गेला. त्या दिवसापासून अमीनशी सरळ बोलणारं कंपनीत कुणी राहिलं नाही.

कानाचं यंत्रही लावून झालं होतं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नस गेलेली आहे, यंत्र सगळेच आवाज मोठे करेल, शब्द वेगळे काढून देणार नाही. तसंच झालं. भांडं पडलं की हॅमर, दार आपटलं की हॅमर. खतिजाचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. महिनाभरात यंत्र कपाटात गेलं.

घरात आता फक्त कामापुरतं बोलणं उरलं होतं. खतिजा मूळची दखनी उर्दू बोलणारी. पण अमीन ओठ वाचायला शिकला तो जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर मराठीत बोलणाऱ्या माणसांचे. दखनीतलं त्याला ओठांवर धरता यायचं नाही. म्हणून हळूहळू सगळं घरच मराठीत बोलायला लागलं. त्याच्याशी बोलायचं तर समोर यायचं, दिव्याच्या उजेडात उभं राहायचं, सावकाश बोलायचं. एवढे कष्ट घ्यायचे तर गोष्टही तशीच पाहिजे. भाजी, गॅस, पाणी. हलक्याफुलक्या, वाऱ्यावर सोडायच्या गोष्टी खतिजानं कधीच बंद केल्या होत्या. फक्त लेक सबिना मनगटाला धरून त्याला आपल्याकडं वळवायची आणि काहीबाही सांगत बसायची. शेजारच्या मांजरीचं, शिवणक्लासमधल्या बाईचं. तिचा आवाज कसा आहे हे अमीनला आठवत होतं, पण ते शाळेतल्या सबिनाच्या आवाजाचं आठवणं होतं. ती आता तेवीस वर्षांची झाली होती.

तिला इचलकरंजीचं स्थळ आलं. मुलगा तौसीफ, खतिजाच्या लांबच्या नात्यातला. सबिनानं त्याला एका लग्नात बघितलं होतं आणि तो तिला आवडला होता. घरचे स्वतःचे यंत्रमाग. बोलणी करायला सगळे इचलकरंजीला गेले. खाली मागांचं शेड, वर राहायचं घर. जिन्यानं वर चढतानाच अमीनच्या तळव्यांना कळलं. चपला काढून फरशीवर पाय ठेवला तेव्हा मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. भिंतीला टेकवलेलं स्टीलचं ताट थरथरत होतं. त्याला ऐकू काहीच येत नव्हतं, पण खाली काय चाललंय ते जमिनीनं त्याला नीट सांगितलं.

तौसीफची आई नसरीन मोकळ्या मनाची बाई. चहा देताना ती सबिनाशी गळ्याच्या शिरा ताणून बोलत होती, आणि सबिना बोलली की डावा कान पुढं करत होती. बाकीच्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. अमीन चहाचा कप हातात तसाच धरून तिच्या त्या कानाकडं बघत राहिला. त्यानं तौसीफला विचारलं, माग किती वेळ चालतात? तौसीफनं दोन्ही हातांनी गोल दाखवला. दिवसरात्र. मग हसून काहीतरी म्हणाला. अमीनला ते ओठांवर स्पष्ट दिसलं. सवय हुतीया, मामू.

घरी आल्यावर अमीननं नाही म्हटलं. खतिजाला वाटलं, माणूस थकलाय. मग कळलं, तो खरंच नाही म्हणतोय. तिनं त्याला समोर बसवून समजावलं. घर चांगलं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, पोरीच्या मनात आहे. सगळी इचलकरंजी मागांच्या आवाजात नांदते, तिथं काय माणसं राहात नाहीत?

"तिचं कान जात्याल," अमीन म्हणाला.

"तुमचं गेलंच की. मी नांदले न्हाय व्हय?"

"मला कुणी आडवलं न्हाई. तू तरी म्हणायचं हुतंस."

खतिजा यावर काहीतरी बोलली. पण बोलताना ती उठून शेगडीकडं वळली होती, आणि अमीनला तिची पाठ तेवढी दिसली. सबिना दारात उभी होती. तिनं येऊन त्याचं मनगट धरलं. तिचे डोळे भरले होते.

"काय म्हणाली ती?" अमीननं विचारलं.

"अम्मी म्हणाली, म्हटलं हुतं. लई येळा म्हटलं हुतं. तुमास्नी ऐकू आलं न्हाई."

 त्या रात्री अमीन जेवला नाही, आणि नंतर लग्नाबद्दल एक शब्दही बोलला नाही. कुणावर रागावावं हे त्याला उमगत नव्हतं. सबिनानं त्याला परत एकदा समजवायचा प्रयत्न केला. कानात बोंडके घालीन म्हणाली, वरच्या मजल्यावर दारं लावून बसेन म्हणाली. ती सांगत असताना त्यानं फक्त मान हलवली. खिशातले पिवळे बोंडके त्याला आठवले आणि त्याची नजर खाली गेली.

लग्न शिरोलीतल्याच हॉलमध्ये झालं. निकाहाआधी वकील म्हणून कुणीतरी मुलीकडं जायचं, दोन साक्षीदारांसमोर तिची संमती विचारायची आणि ती काझींना येऊन सांगायची. खतिजाचा भाऊ नईम आदल्या दिवशीच म्हणाला होता की हे काम तो करेल. अमीन ऐकेना. माझी लेक आहे, मीच विचारणार. नईमनं खतिजाकडं बघितलं, खतिजानं मान खाली घातली.

बायकांच्या खोलीत सबिना मधोमध बसली होती. लाल ओढणी पार हनुवटीच्या खाली ओढलेली. अमीन तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. मागं नईम आणि मुलाकडचा एक साक्षीदार. अमीननं पाठ केलेले शब्द म्हटले, तौसीफचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, ठरलेल्या मेहरच्या रकमेवर हा निकाह तुला कबूल आहे का, असं विचारलं. त्याचा आवाज खोलीभर घुमला असणार, कारण कडेवरचं एक मूल रडायला लागलेलं त्याला दिसलं.

ओढणी हलली नाही. की जराशी हलली? त्याला सांगता येईना. ओढणीमागं ओठ होते, आणि ते त्याला दिसत नव्हते. नईमनं मागून खांद्यावर हात ठेवला, म्हणजे झालं, उठा. पण अमीन उठला नाही. ती नाही म्हणाली असेल तर? अजूनही ती नाही म्हणू शकते. त्यानं परत विचारलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी तोंडाला पदर लावला. खतिजा कोपऱ्यात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. अमीननं तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज चिरकला हे त्याच्याच घशाला कळलं.

तेव्हा सबिनानं मेंदीचा हात बाहेर काढून ओढणी स्वतःच वर केली. एक म्हातारी लगबगीनं पुढं आली, पण सबिनानं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं बापाचं मनगट धरलं, त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं, आणि आरशासमोर लहान मूल अक्षर गिरवतं तसं एकेक अक्षर ओठांनी गिरवलं. कबूल. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. अमीन तिच्याकडं बघत राहिला. तो शब्द डोळ्यांनी वाचून झाल्यावरही बघत राहिला. मग त्यानंच ओढणीचं टोक धरून खाली सोडलं.

बाहेर काझींनी त्याला विचारलं. नेहमीचाच प्रश्न, पण अमीनला समजावा म्हणून त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावून विचारला. मुलीचा होकार तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला? सगळा मांडव बघत होता. हो म्हटलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं.

"ऐकला न्हाई," अमीन म्हणाला. "बघितला."

काझी जाणते होते. त्यांनी क्षणभर दाढीवरून हात फिरवला आणि नईमकडं वळले. नईमनं ऐकलं होतं. वकिलाच्या जागी नईमचं नाव लिहिलं गेलं. अमीनला कुणी उठवलं नाही. पण लिहिणाऱ्याला नीट बसता यावं म्हणून तो स्वतःच जरा मागं सरकला. निकाह झाला. खजूर वाटले गेले. त्याच्या हातातही कुणीतरी दोन ठेवले. ते त्यानं संध्याकाळपर्यंत मुठीत धरले होते.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत रमजान ईद आली. सबिना आणि तौसीफ बाशी ईदीला, म्हणजे ईदीच्या दुसऱ्या दिवशी, शिरोलीत आले. मधल्या काळात ती एकदोनदाच येऊन गेली होती, तीही उभ्या उभ्या. फोन यायचे ते खतिजाच घ्यायची. आता दोन दिवस राहणार होती. तौसीफ मित्रांकडं गेला. दुपारी खतिजानं शिरकुर्म्याची वाटी अमीनच्या हातात दिली आणि ती भांडी लावायला लागली. सबिना चटईवर त्याच्याशेजारी येऊन बसली. अमीन मान खाली घालून वाटीतला खजुराचा तुकडा चमच्यानं बाजूला काढत होता.

"अब्बा, लई गोड झालाय काय?"

"जरा जास्तीच झालाय," तो म्हणाला.

आणि चमचा तसाच थांबला. त्यानं मान वर केली नव्हती. तिनं मनगट धरलं नव्हतं. तिचे ओठ त्यानं बघितलेच नव्हते.

खतिजाच्या हातातलं पातेलं अर्ध्यात राहिलं. ती लगबगीनं समोर आली, खाली वाकली. "ऐकू आलं व्हय तुमास्नी?" तिचे ओठ विचारत होते. तिचं ऐकू आलं नव्हतं, पण ती काय विचारते हे दिसत होतं. अमीननं मान हलवली. खतिजानं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. सबिना लहान मुलीसारखी हसली आणि त्याच्या अंगावर रेलून बोलायला लागली. आणि खरंच, घुमाऱ्याच्या आडून, कोंदट, पण शब्द येत होते. सासूबाईंचं, नव्या पडद्यांचं, सुताच्या बाजाराचं. शाळेतल्या सबिनाच्या आवाजापेक्षा हा आवाज जाड होता, ताणलेला होता. अमीनला तो ओळखायला वेळ लागला. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज झालाय तर.

उघड्या दारातून शेजारची धोंडुबाई डोकावली. चेहऱ्यावर काळजी होती. हातानंच तिनं विचारलं, काय झालं, भांडण काय? खतिजा दारापर्यंत जाऊन हसत तिला काहीतरी म्हणाली. धोंडुबाई सबिनाकडं बघत निघून गेली. खतिजा परत आली तेव्हा तिचं हसू अर्धं ओसरलं होतं. तिनं सबिनासमोर हात धरून तळवा खाली दाबला. हळू बोल की गं, घरात हायस.

सबिना गोंधळली. तिनं आईकडं बघितलं, मग बापाकडं.

"हळूच तर बोलतीया की," ती म्हणाली.

तेही अमीनला ऐकू आलं. खतिजा जागच्या जागी थांबली होती. तिचे डोळे अमीनकडं वळले, आणि दोघंही क्षणभर एकमेकांकडं बघत राहिले. सबिनाला त्यातलं काही कळलं नाही. आपलं काही चुकलं का, म्हणून ती ओशाळून गप्प बसली.

"बोलू दे तिला," अमीन म्हणाला.

त्यानं वाटी चटईवर ठेवली आणि सबिनाच्या आणखी जवळ सरकला. सुताच्या बाजाराचं काय सांगत होतीस, असं त्यानं विचारलं. ती परत बोलायला लागली. आधी जरा दबकत, मग तिच्या त्याच मोठ्या आवाजात. खतिजा शेगडीकडं तोंड करून उभी राहिली, मग पदरानं डोळे पुसून तिनं पुढचं दार लावून घेतलं. अमीन मान खाली घालून ऐकत होता. वाटीतल्या शिरकुर्म्यावर हळूहळू साय धरत गेली.